आरपार वारा

प्रयोगशाळेत चार खिडक्या होत्या, एक दार, एक बेसिन, विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारं काचेचं एक कपाट, दोन माणसं आणि एक चंचुपात्र. चंचुपात्रात निळा द्राव होता. द्रावात स्फटिक शून्य.

द्राव तियानाचा. उन्हाळी सुट्टीत संशोधनासाठी निवड झालेली ती दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिच्याकडे एकच काम होतं, नव्या संयुगाचा एक चांगला स्फटिक मिळवायचा. बेलग्रेडच्या क्ष-किरण यंत्राला किमान शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर लांबीचा लागत होता आणि नमुने तिकडे नेणारी गाडी आज दुपारी निघणार होती. आज हुकलं की पुढची वेळ ऑक्टोबरात. तोवर तियाना वर्गातल्या बाकावर परत गेलेली असणार आणि स्फटिक दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. म्हणून ती चंचुपात्राला जपत होती. वर कागदाचं झाकण, धुळीचा कण पडू द्यायचा नाही.

बाहेर अडतीस अंश तापमान होतं. तिने समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि तेवढ्यात प्रोफेसर रादिवोये दारात थबकले.

"दोन्हीकडच्या उघड्या? मारायचंय का मला?"

"सर, उकडतंय हो."

"उकडून कुणी मरत नाही. माझा साडू गेल्या वर्षी असाच आरपार वाऱ्यात बसला. अजून मान वळत नाही. बायकोने हाक मारली की अख्खा वळतो."

रेणूंच्या गतीवर प्रोफेसरांचं जाडजूड पुस्तक होतं. पण तेच रेणू एका खिडकीतून येऊन दुसरीतून जायला लागले की त्यांचा शास्त्रावरचा विश्वास उडायचा.

"खरंय, प्रोफेसर," प्रयोगशाळेची व्यवस्था बघणाऱ्या स्लावकामावशी म्हणाल्या. "माझ्या तर थेट कमरेत शिरतो मेला." त्यांनी खिडक्या लावल्या. निश्चिंत होऊन प्रोफेसर खायला बुरेक, म्हणजे सारण भरलेली पापुद्र्यांची खारी पेस्ट्री, आणायला गेले.

पण कपाट हवा ओढतच होतं. त्याचं बटण सगळ्या मजल्याचं मिळून एकच, त्यामुळे ते बंद करता येईना. हवा दाराखालच्या फटीतून शिट्टी वाजवत येऊ लागली. मावशींनी तिथे ओला टॉवेल कोंबला. मग बेसिनच्या भोकातून गटाराचा वास आला. तिथे त्यांनी बूच बसवलं. शेवटी किल्लीचं भोक गुणगुणायला लागलं, तेव्हा त्यात कापूस गेला.

"आता कसं शांत वाटतं!" मावशी घाम पुसत म्हणाल्या.

तियाना चंचुपात्र टेबलावर घेऊन आली. झाकण काढून तिने भिंगातून पाहिलं. काही नव्हतं. इतक्यात दाराला हिसका बसला.

"कडी काढा!" बाहेरून प्रोफेसर ओरडले.

"लावलेलीच नाही!" मावशी आतून दाराला भिडल्या.

"मग दार कशाला धरून ठेवलंय?"

"कोण धरतंय? मी ढकलतेय!"

"सर," तियाना म्हणाली, "कपाट हवा बाहेर टाकतंय आणि आत यायला वाटच उरली नाही. बाहेरची हवा दार दाबून धरतेय. मी एक खिडकी उघडते."

"नको!" दाराच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला.

"दार उघडलं की आरपार होईल!" प्रोफेसरांनी कारण दिलं.

त्यांनी एक पाय भिंतीला लावला आणि दाराची मूठ घट्ट धरली. आतून मावशींनी खांदा लावला. "एक, दोन..." तीन म्हणायची वेळच आली नाही. दार फाडकन उघडलं. प्रोफेसर व्हरांड्यात बसले, मावशी त्यांच्या मांडीवर, आणि वाऱ्याचा लोट बुरेकची पिशवी घेऊन आत घुसला. पापुद्रे खोलीभर भिरभिरले. एक टपकन चंचुपात्रात पडला.

"संपलं," तियाना पुटपुटली. तिने पापुद्रा काढायला चिमटा उचलला.

"हात लावू नकोस!" प्रोफेसर रांगतच आत आले. मान तिरकी धरून त्यांनी भिंगाला डोळा लावला. पापुद्र्याच्या कडेला निळ्या सुया फुटत होत्या. एक, मग दहा, मग मोजता येईनात.

"तुझा द्राव फारच स्वच्छ होता, पोरी. स्फटिकांना धरायला काही आधारच नव्हता."

"बुरेक कशाचा होता?" मावशींनी विचारलं.

"चीजचा."

"तरीच."

"पण सर, अहवालात पद्धतीखाली काय लिहू?"

प्रोफेसरांनी बराच विचार केला. "घन कण लिही. आणि ते दार लाव आधी."

तियानाने सगळ्यात नीटस सुई सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजपट्टीवर ठेवली. तिघांनी आळीपाळीने वाचलं.

लांबी ०.३४ मिलिमीटर.