सीडीकडचे युसुफचाचा

माझ्या ताईच्या पाठवणीच्या वेळी मी कुठे होतो, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. जीपमध्ये डिझेल भरायला गेलो होतो, असं घरी सांगितलं. ताई अजून सासरी कौतुकानं सांगते, "तशा वेळीसुद्धा भाऊ माझ्याच कामात होता." खरं म्हणजे मी मांडवामागे, आचाऱ्याच्या टेम्पोआड बसून पातेल्यातले गुलाबजाम खात होतो. चारचौघांत रडू फुटेल ही भीती. तोंड भरलेलं असलं की रडता येत नाही, असा माझा समज होता.

हे एकट्या युसुफचाचांना ठाऊक आहे, आणि ते त्या लग्नाला आलेच नव्हते.

चाचांचं सोनईत स्टँडजवळ दुकान. शूटिंगवाले लग्नाची डीव्हीडी द्यायचे आणि घरोघरचे जुने प्लेअर तिला ओळखच दाखवायचे नाहीत. मग चाचा तिच्या साध्या सीड्या करून द्यायचे. कॉम्प्युटर आपलं काम करत बसायचा. दुसरा कुणी चहाला गेला असता. चाचा अख्खं लग्न बघायचे. "मांडवातनं असं उठून जात्यात व्हय?" अक्षता पडायच्या वेळी टोपीसुद्धा सारखी करायचे.

त्यामुळे त्यांची ओळख अफाट. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस बघणाऱ्या एका परक्या गृहस्थाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"काय मामा, गुडघा कसा हाय? वरातीत नाचताना लई जोरात पडला तुमी."

गृहस्थ चक्रावले. "तुम्ही नवरीकडचे का नवऱ्याकडचे?"

"मी सीडीकडचा."

एका सीडीत साधारण तासाभराचंच मावतं. म्हणजे लग्न कुठंतरी तोडावं लागतं, आणि जेवणारा माणूस चाचा तोडत नसत. पंगत लांबली की सगळा हिशेब कोलमडायचा आणि एक सीडी वाढायची. गिऱ्हाईक भांडायला यायचं.

"चाचा, पहिली अर्धीच भरलीय!"

"फुडं पंगत बसलीय. नवरदेवाच्या आत्याच्या तोंडात जिलबी हाय. तुमी सीडी बदलंस्तवर तशीच ठिवू?"

पाठवणी मात्र कायम वेगळ्या सीडीवर, ती कितीही छोटी असो.

ताईच्या लग्नाच्या चार सीड्या झाल्या. चौथी, पाठवणीची, चाचांनी माझ्या हातात निराळी दिली.

"दिलीप, ही आदी एकट्यानं बघ. टेम्पोखालनं चपला दिसत्यात तुझ्या. एक पाय लई हलतोय."

माझे कान तापले.

"आन् ताई गाडीत बसंना. चारीकडं बघती."

"कापून टाका ना तेवढं, चाचा."

"कापायला ते काय माझं लग्न हाय?"

ती सीडी मी घरी एकट्यानं पाहिली आणि कपाटात कपड्यांखाली सारली. आईला सांगितलं, तीनच झाल्या.

आता लोक जुन्या सीड्या पेन ड्राइव्हवर भरून घ्यायला येतात. गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. तिची डीव्हीडी खराब झालीय, सगळं लग्न पेन ड्राइव्हवर हवंय. त्या डीव्हीडीतही माझ्या चपला होत्या, पण तिच्या त्या कधी लक्षात आल्या नव्हत्या. मी चारही सीड्या घेऊन दुकानात गेलो. तीन भरून झाल्यावर चाचांनी चौथी उचलली. "भरू?"

"राहू द्या."

आता ओरडतील असं वाटलं. ते शर्टाच्या बाहीनं ती सीडी पुसत बसले.

"ऱ्हाऊ दे. माझ्या शबानाची बी ऱ्हायलीय."

शबाना त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन लांब, पार कर्नाटकात गेलेली.

"तिच्या पयल्या तीन केल्या. शेवटची करायला हातच हुईना. चाची रोज दुपारी लावती. निकाह व्हतो, जेवनं व्हत्यात, टीव्ही बंद. पोरगी घरातच." आणि चाचा खो खो हसले, नको तितका वेळ.

चाचांचं ठीक आहे. त्यांना पोरगी घरात ठेवायची होती. मी फक्त माझी लाज झाकत होतो.

ताईला तीन भाग पोचवले. तिनं विचारलं, "पाठवणी कुठंय रे?" मी म्हणालो, सीडी चालत नाही.

पाठवणी तिला द्यायची आहे. आणि मी कुठे होतो, तेही सांगायचं आहे.