न झालेल्या आजारांची समिती

झालेला आजार बरा करण्यापेक्षा न झालेला आजार टाळणे केव्हाही श्रेयस्कर. झालेला आजार बरा झाला नाही तर रोगी बोभाटा करतो. न झालेला आजार टळला नाही, असे मात्र आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. या भक्कम पायावर न्यूट्रास्युटिकल नावाचा व्यवसाय उभा आहे. अन्नही नव्हे आणि औषधही नव्हे, पण दोन्हींचा तोरा मिरवणारा जो पदार्थ पुडीत, कॅप्सूलमध्ये किंवा डब्यात भरून मिळतो, त्याला हे नाव आहे. (अन्न म्हटले की लोक चव विचारतात आणि औषध म्हटले की पुरावा. दोन्ही कटकटी नकोत म्हणून हा मधला मार्ग.)

चाकणजवळच्या आमच्या कारखान्यात मोटारींच्या दारांचे पत्रे प्रेस नावाच्या यंत्रावर दाबून घडवले जातात. कामगार चारशे बारा. त्यांच्या न झालेल्या आजारांची काळजी वाहण्यासाठी 'कर्मचारी आरोग्य पूर्वप्रतिबंध व पोषणपूरक अंमलबजावणी समिती' स्थापन झाली असून मी तिचा सचिव आहे. झालेल्या आजारांसाठी कारखान्यात एक पेटी आहे. तिची किल्ली सध्या सापडत नाही.

समितीचा उगम असा. आमचे प्लांट हेड निरंजनसाहेब रावेतकडच्या एका हॉटेलात पोषणपूरकांवरचे तीन तासांचे व्याख्यान ऐकून आले आणि सोमवारच्या बैठकीत म्हणाले, "प्रेस बंद पडायच्या आधी आपण तिला तेल देतो ना? मग माणसाला का नाही?" या प्रश्नाला बैठकीत कोणाकडेही उत्तर नव्हते. (ज्यांच्याकडे होते त्यांची पगारवाढ त्याच महिन्यात व्हायची होती.) प्रत्येक प्रेसला देखभालीचा तक्ता टांगलेला असतो, त्यात रोजच्या तेलपाण्याच्या खुणा करायच्या असतात. त्याच धर्तीवर माणसांचा तक्ता झाला. डावीकडे नाव, पुढे दिवसाला चार चौकोन. पुडी घेतली की सुपरवायझरने हिरवी खूण करायची. पुडी हातात देऊन भागत नाही, ती डोळ्यादेखत तोंडात गेली पाहिजे, असे परिपत्रकात स्वच्छ म्हटले होते.

मार्गदर्शक म्हणून सुजित नावाचे तरुण गृहस्थ लाभले. ते पूर्वी फ्लॅट विकत, आता या पुड्या विकतात. बांधकाम पुरे न झालेल्या इमारतीत बाल्कनीतून दिसणारा डोंगर दाखवण्याचा त्यांना अनुभव होता, आणि या कामाला तो पुरेपूर उपयोगी पडला.

चार पुड्या पुढीलप्रमाणे. सकाळी हळदीची कॅप्सूल, चहाच्या वेळी शेवग्याच्या पाल्याची पूड, जेवणानंतर जवसाचे तेल, सुट्टी होताना ताकातले जिवाणू. हे सगळे आमच्या घरी फडताळात आहे, अशी कुरकुर काही जुन्या कामगारांनी केली. त्यावर सुजित यांनी खुलासा केला की घरची हळद पोटात जाते, कॅप्सूलची हळद पेशींच्या पातळीवर जाते. पेशी नेमक्या कोणत्या मजल्यावर आहेत हे विचारायच्या आत शिफ्टचा भोंगा झाला. पोषण दुबार होऊ नये म्हणून कॅन्टीनमधून पालेभाजी आणि ताक बंद करण्यात आले. बटाटेवडा चालू राहिला, कारण त्याची कॅप्सूल अद्याप निघालेली नाही. जेवायला आता फारसे काही उरले नसल्याने जेवणाची सुट्टी तीस मिनिटांवरून बावीसवर आणली.

पहिल्या तिमाहीचे निकाल डोळे दिपवणारे होते. पुड्यांचे पालन अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा दशांश टक्के. उरलेले लोक रजेवर होते. कामगारांचे समाधान शंभर टक्के. (फॉर्मवर 'समाधानी' आणि 'अत्यंत समाधानी' असे दोन पर्याय ठेवून कामगारांना निवडीचे स्वातंत्र्य दिले होते.) कर्करोग शून्य, पटकी शून्य, देवी शून्य. सर्पदंश मागील वर्षी एक, यंदा शून्य, म्हणजे थेट शंभर टक्के घट. कोणाची साखर किंवा रक्तदाब मोजावा, अशी सूचना एकदा आली होती. मोजल्याने आकडे बिघडतात, या कारणास्तव ती फेटाळली.

आता उद्धवरावांविषयी. उद्धवराव मूळचे लातूरकडचे, वय चोपन्न, तीन नंबरच्या प्रेसवर बावीस वर्षे. या प्रेसवर आठ तास उभ्यानेच काम असते, त्यामुळे त्यांची सगळी नोकरी त्यांच्या दोन पायांवर होती, आणि हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. तक्त्यात लिहिले ते करायचे आणि लिहिले नाही ते करायचे नाही, या नियमाने त्यांनी बावीस वर्षांत एकही पत्रा वाया घालवला नव्हता. त्यांना सात वर्षांपासून साखर होती. त्यावर पिंपरीच्या सरकारी दवाखान्यातून दोन वेळच्या गोळ्या मिळत. घरी विसरायला होते म्हणून त्यांनी गोळ्यांच्या दोन पट्ट्या मशीनजवळच्या ट्रेमध्ये ठेवलेल्या असत.

फेब्रुवारीत कारखान्यात लाल टॅगची मोहीम झाली. ही जपानी शिस्त फार थोर आहे. कामाच्या जागी ज्या वस्तूला लेबल नाही आणि जी यादीत नाही, ती अनावश्यक समजून तिला लाल टॅग बांधायचा आणि लाल फडताळावर नेऊन ठेवायची. पंधरा दिवसांत कोणी अर्ज करून सोडवून नेली नाही तर ती भंगारात. उद्धवरावांच्या ट्रेच्या यादीत पाना, चिंधी, हातमोजे आणि पुड्या होत्या. गोळ्या नव्हत्या. टॅगवर मी स्वतः लिहिले: वस्तू, गोळ्यांच्या पट्ट्या दोन; उपयोग, अज्ञात; शेरा, अनावश्यक. अक्षर चांगले आल्याचे मला त्या वेळी समाधान वाटले होते.

उद्धवरावांनी अर्ज केला नाही. सोळाव्या दिवशी मी सहज विचारले तेव्हा ते म्हणाले, "कशाला साहेब? कंपनीनं एवढा मोठा तक्ता केलाय, अन् लागणारी गोळी त्यात सुटंल व्हय? नसंल लागत आता. चार चार पुड्या चालू हायत की." या उत्तरातली संस्थेवरची निष्ठा मी इतिवृत्तात नोंदवली. दवाखान्यात जाऊन नव्या पट्ट्या आणायचेही त्यांनी सोडून दिले. दर महिन्याचा अर्धा दिवस वाचला, त्याचीही नोंद आहे.

जूनमध्ये सेफ्टी शूजने त्यांच्या उजव्या अंगठ्याला घासले. फोड आला, फुटला, काळा पडला. दुखत नव्हता म्हणून उद्धवराव खूश होते. सुजित तर त्याहून खूश होते. उद्धवरावांच्या पत्नी मंजुळाबाई एक दिवस चिखलीहून दोन बस बदलून गेटवर आल्या. सिक्युरिटीने त्यांना आमच्यासमोर आणले.

"दिसाला चार पुड्या खायलेत, अन् पाय सुजायलाय," त्या म्हणाल्या. "जखमंला वास मारायलाय. तेवढी दवाखान्याची गोळी सुरू करा म्हणाव त्यांना. माझं ऐकंनात, तुमचं ऐकतेत."

सुजित हसून म्हणाले, "ताई, ही तर चांगली खूण आहे. वर्षानुवर्षांची घाण शरीर बाहेर टाकतंय. आता थांबलात तर सगळी मेहनत वाया जाईल." आणि घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे, या न्यायाने त्यांनी उद्धवरावांच्या नावापुढे पाचवा चौकोन आखला. त्यात द्राक्षाच्या बियांची पूड आली. मंजुळाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी तक्त्याकडे पाहिले. तक्ता पूर्ण हिरवा होता.

त्यानंतर अकराव्या दिवशी तीन नंबरची प्रेस चालू असताना उद्धवराव खाली बसले आणि त्यांना उठता येईना. अंगात ताप होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी साखर मोजली, पाय पाहिला आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत ते विचारले. उद्धवरावांनी तारीख सांगितली. त्यांच्या तारखा कधी चुकत नाहीत. आधी दोन बोटे काढली. आठवड्याने पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

समितीने तातडीने चौकशी केली. आमच्याकडे दोषाच्या मुळाशी जाण्यासाठी पाच वेळा 'का' विचारतात. पाय का गेला? जखम चिघळली. का चिघळली? साखर वाढली. का वाढली? गोळी बंद होती. का बंद होती? तक्त्यात नव्हती. तक्त्यात का नव्हती? कारण तक्ता पुड्यांचा आहे. पाच 'का' पूर्ण झाले असून तक्त्यात कोणताही दोष आढळला नाही, असे सर्वानुमते ठरले. शिवाय समितीचे कार्यक्षेत्र न झालेल्या आजारांपुरते आहे आणि उद्धवरावांना आजार आधीच झालेला होता, याकडे सुजित यांनी लक्ष वेधले. आजार रेड्याला आणि डाग पखालीला असे होऊ नये म्हणून दोष सेफ्टी शूजच्या पुरवठादारावर ठेवण्यात आला.

परंतु समिती कृतघ्न नाही. तिमाहीत पालन शंभर टक्के असलेले उद्धवराव हे एकमेव कामगार होते (पाचव्या चौकोनामुळे खरे तर एकशे तीन). त्यांना प्रमाणपत्र, शाल आणि पुड्यांच्याच कंपनीच्या 'नवजोम' पावडरचा मोठा डबा द्यायचे ठरले. ते घेऊन मी चिखलीला त्यांच्या खोलीवर गेलो. उद्धवराव कॉटवर होते. चादर उजवीकडे लवकर सपाट होत होती. त्यांनी बसल्या बसल्या नमस्कार केला आणि विचारले, "साहेब, बसून करायचं काम हाय का कंपनीत कुठं?" मी म्हणालो, बघतो.

मंजुळाबाईंनी शाल बाजूला ठेवली आणि डबा हातात घेतला. बारीक अक्षर त्यांना दिसेना. "ह्याच्यावर काय लिव्हलंय ते वाचा बरं," त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांत प्रथमच मी डब्याची मागची बाजू वाचली. घटक: साखर, कोको, साय काढलेल्या दुधाची भुकटी. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात: औषधी वापरासाठी नाही.

"म्हंजे हे औषध न्हवंच," मंजुळाबाई म्हणाल्या. "डब्यावरच लिव्हलंय. मग आमच्या माणसाचं औषध कशापायी काढून घेतलं?"

मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. इतिवृत्तात मी 'सत्कार आनंदात पार पडला' असे लिहिले.

येथवर वाचून 'बिचारे अडाणी कामगार' असे ज्यांच्या मनात आले, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. सुजित यांच्या ग्राहकांची यादी मी पाहिली आहे. तिच्यात आमचे चारशे बारा आहेत आणि दुसरे नऊ हजार. ते नऊ हजार पदवीधर आहेत, डबे घरपोच मागवतात, आणि ते डोळ्यादेखत गिळायला लावणारा सुपरवायझर त्यांना नाही. बारीक अक्षर वाचायला चष्मा आहे. त्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या काढून घ्यायला आमच्यासारखे कोणी कधी गेले नाही. 'इतक्या गोळ्या बऱ्या नव्हेत, त्यापेक्षा नैसर्गिक बरे' असे म्हणून त्या त्यांनी आपल्याच हाताने बंद केल्या. तुम्ही तुमच्या कोणत्या तारखेला बंद केल्या, ते तुम्हाला आठवत असेलच.