लोरिसचं हाड, नग दहा

सिल्वासात ड्राफ्ट्समन पैशाला पासरी मिळतात. पण ज्याच्या ड्रॉइंगमध्ये एकही रकाना रिकामा नसतो असा अख्ख्या दादरा-नगर हवेलीत एकच, आणि तो म्हणजे मी! ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. वस्तूचं नाव, मटेरिअल, किती नग, सही. बाकीचे लोक दोन रकाने भरतात आणि चहाला पळतात. आमच्या भास्करने एकदा मटेरिअलचा रकाना कोरा ठेवला. मी सगळ्या ऑफिससमोर विचारलं, “काय रे, हा व्हॉल्व्ह काय श्रीखंडाचा करायचा?” तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. नसेना का बोलत! रिकामी जागा दिसली की माझं डोकं उठतं, त्याला मी काय करू?

गोष्ट ब्याण्णव सालची. खडोलीच्या आमच्या कारखान्यात हेड ड्राफ्ट्समनची जागा रिकामी झाली होती. (बघा, पुन्हा रिकामी जागा!) ती मलाच मिळणार हे उघड होतं. फक्त मॅनेजर सारंग साहेबांची सही बाकी होती. एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. मला वाटलं, कारखाना बंद पडतोय!

“प्रमोद, आमच्या हिची पीएचडी चाललीय. माकडांवर. आकृत्या काढून हव्यात.”

“माकडांच्या कशाच्या, साहेब?”

“ते... तीच सांगेल. तू वेळेत काढून दे, मी तुझं बढतीचं पत्र टाइप करून ठेवतो.”

बायको सहा वर्षं कशावर अभ्यास करतेय, हे या माणसाने एकदाही नीट विचारलं नव्हतं. पार्टीत कुणी विषय काढला की हे पटकन भजी मागवायचे!

भक्तीवहिनींना मात्र लाजबिज काही नाही. त्यांनी कांदे चिरता चिरता सांगितलं, “छोट्या माकडांच्या नरांची जननेंद्रियं. कुणाची कशी, कुणात काय फरक, एवढंच. लोरिस नावाच्या माकडाच्या लिंगात हाड असतं, ती माझी मुख्य आकृती.”

“हाड?”

“हो. माणसात नसतं.”

मी पंख्याकडे बघत राहिलो.

आणि काय त्यांची ती कच्ची चित्रं! सेंटर लाइन नाही, माप नाही, नुसती पेन्सिलीची गिरबट! याला म्हणे विज्ञान! मी म्हटलं, यांना दाखवतोच. ते इवलंसं हाड दहा पट मोठं काढलं. बाजूने, वरून, मधून कापून. किंचित वाक, टोकाचा फाटा, सगळं मापात. मग कोपऱ्यातली चौकट. नाव: लोरिस. मटेरिअल? आमच्या यादीत हाड कुठलं असायला! हाताने सवयीने ‘पितळ’ लिहून टाकलं. नग? वहिनींना प्रबंधाच्या दहा प्रती हव्या होत्या, म्हणून दहा. खाली सही ठोकली आणि प्रिंट काढणाऱ्या गोकुळकडे दिलं.

गोकुळने दहा प्रिंट वहिनींसाठी काढल्या आणि अकरावी, रिवाजाप्रमाणे, टूलरूमला पाठवली.

चार दिवसांनी आमचा शिरपूरचा टर्नर झुंबर हसत हसत ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये दहा पितळी लोरिस! आरशासारखे चकाकत होते.

“झुंबर! हे काय?”

“तुमचंच ड्रॉइंग शे, साहेब. तो वाक काढता काढता माझी कानस घासाई गई!”

“अरे, आधी विचारायचंस तरी!”

“काय विचारू? मटेरिअल लिखेल, नग लिखेल, सही करेल. तुमच्या ड्रॉइंगमधे काही विचारायचं राहतं का कधी?”

मी गुपचूप व्हर्निअर लावून बघितला. दहाच्या दहा मापात! खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

तेवढ्यात सारंग साहेब आले. साहेब लोकांची एक खोड असते. कारखान्यात काही चकाकलं की ते आपल्या घरी कुठे बसेल, एवढंच त्यांना दिसतं. त्यांनी एक उचललं, मुठीत धरलं, ओढून बघितलं.

“वा! काय झकास हॅण्डल आहेत! शोकेसला बसवून टाका. हिला पुण्याहून आल्यावर सरप्राइज!”

“साहेब, ते... म्हणजे ते हॅण्डल नव्हे...”

“तुझं पत्र टाइप झालंय. हिचे गाइड सर येतायत रविवारी, तूही चहाला ये. तिथेच सही करतो.”

मी तोंड मिटलं. तुम्हीही मिटलं असतंत!

मध्ये दसरा आला. रविवारी साहेबांकडे गेलो तर शोकेसवर बसवलेल्या दहाही लोरिसना हळदकुंकू वाहिलेलं! साहेबांच्या आई कौतुकाने म्हणाल्या, “फार सोयीचे आहेत हो. हातातून सटकत नाहीत!” पत्र टेबलावर होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. एवढ्यात वहिनी आणि गाइड सर स्टेशनवरून थेट घरी आले. पाणी हवं म्हणून सर ग्लास काढायला शोकेसकडे वळले, आणि वाकले. चष्मा वर केला. आणखी वाकले.

“भक्ती! अगं, हा तर लोरिस टार्डिग्रेडस!”

“कुठे, सर?”

“इथे! आणि इथे! हा टोकाचा फाटा बघ. इतकं अचूक! कुणी केलं हे?”

आता शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाची कुणीतरी जाणकाराने कदर केली होती हो! मी ताडकन उठलो. “मी! पॉइंट वनसुद्धा इकडेतिकडे नाही, सर!”

“म्हणजे आहे काय ते?” साहेबांनी विचारलं. त्यांचा एक हात हॅण्डलवरच होता.

वहिनींनी खणखणीत आवाजात सांगितलं, “नर लोरिसच्या लिंगातलं हाड. दहा पट मोठं.”

साहेबांनी चटका बसल्यासारखा हात काढला. आई म्हणाल्या, “कशातलं गं?” सर मात्र वहीत टिपणं घेत होते. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. पेनाचं टोपण पेनावर परत बसलं.

सोमवारी हेड ड्राफ्ट्समनचं पत्र निघालं. भास्करच्या नावाने! श्रीखंडाच्या व्हॉल्व्हवाल्या भास्करच्या! आणि मला मेमो. त्यात नाव होतं, हुद्दा होता, तारीख होती. पण ‘अपराधाचे स्वरूप’ हा रकाना कोरा! टायपिस्ट सुनंदाबाईंना ते तोंडाने सांगायची साहेबांची हिंमत झाली नव्हती.

मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दम धरला. मग राहवेना. पेन काढलं आणि सुबक अक्षरात लिहिलं: लोरिसच्या लिंगातले हाड. मटेरिअल: पितळ. नग: दहा. खाली सही केली आणि कागद नेहमीच्या ट्रेमध्ये टाकला.

तो ट्रे गोकुळकडे जातो. त्याने ‘नग: दहा’ वाचलं आणि दहा प्रती काढल्या. आमच्या कारखान्यात नोटीस बोर्ड नेमके किती आहेत, हे मला त्या संध्याकाळी कळलं.