पाणवठ्याची तीन कुलुपं

एका जंगलात, बाळांनो, एक चर्च होतं आणि एक पाणवठा होता. पाणवठ्याच्या फाटकाला तीन कुलुपं होती. किल्ल्या कुणाकडे राहायच्या, हे दर वर्षी खूर-पंजे वर करून ठरे. पूर्वजांनीच तशी सोय केली होती. त्यांचा एकमेकांवर काडीचाही भरवसा नव्हता.

त्या वर्षी एक किल्ली वाघाकडे होती, एक कासवाकडे आणि एक रिबकाबाई हरिणीकडे.

चर्चचे पाळक होते साळिंदरसाहेब. दर रविवारी ते काटे फुलवून सांगत, "या जंगलात पापावाचून कुणी नाही!" मंडळी "आमेन" म्हणत आणि शेजाऱ्याकडे बघत.

एका रविवारी वाघ उठला आणि ढसाढसा रडला. "मी सगळ्यांत मोठा पापी! बुधवारीच ससा खाल्ला. पण पाळकसाहेब, ती तीन कुलुपं पाहिली की काळीज तुटतं. मंडळीत एवढाही विश्वास नसावा?"

साळिंदरसाहेबांना भरून आलं. त्यांच्या उपदेशानं आजवर कुणी रडलं नव्हतं. झोपले मात्र पुष्कळ होते. पुढच्या रविवारी ते विश्वासावर दीड तास बोलले. कासवानं आपली किल्ली वाघाला देऊन टाकली.

रिबकाबाई अडून बसल्या. त्यांचं पाडस आजारी होतं, त्याला घटकाघटकाला पाणी लागे. "साहेब, सगळेच पापी, असं तुम्हीच सांगता ना?"

"अहो बाई, ते प्रवचनात!"

बाईंनी किल्ली दिली.

आठ दिवसांत फाटक बंद झालं. मतदानही बंद झालं. पाणी हवं असेल त्यानं वाघाच्या गुहेत एकट्यानं यायचं, असा हुकूम निघाला. पाडसाची जीभ कोरडी पडली. साळिंदरसाहेब धावत वाघाकडे गेले. वाघ पुन्हा रडला. कबुली अगदी मनापासूनची होती. किल्ली मात्र मिळाली नाही. पाळकसाहेबांना स्वतःची फार लाज वाटली.

शेवटी हत्तीण पाठ खाजवायला फाटकाला टेकली आणि फाटक आडवं झालं. पाडस पोटभर पाणी प्यायलं. वाघ पश्चात्ताप करायला दुसऱ्या जंगलात गेला.

नवं फाटक बसलं. साळिंदरसाहेब पुढे झाले. "चूक माझीच. मी गाढव आहे." मागच्या बाकावरच्या गाढवानं मान वर करून पाहिलं. "आता मला पक्कं कळलंय, सगळेच पापी असतात. तेव्हा तिन्ही किल्ल्या माझ्याकडेच असू द्या."

रिबकाबाईंनी विचारलं, "सगळे म्हणजे कोण कोण, साहेब?"

पाळकसाहेबांचे काटे हळूहळू मिटले. ते गाढवाशेजारी जाऊन बसले.

तात्पर्य : सगळेच पापी आहेत, यावर दृढ श्रद्धा असावी. मोजताना मात्र स्वतःपासून सुरुवात करू नये. तिन्ही किल्ल्या हातच्या जातात.