एक धरायचं की दोन?

मास्तर आयुष्यात एकही वाद हरले नव्हते! निवृत्त झाल्यावर वाद घालायला वर्ग उरला नाही, म्हणून ते घरातल्या वस्तूंशी आणि बायकोशी, म्हणजे काकूंशी, वाद घालत. त्यातच वजन वाढलं, साखर वाढली आणि डॉक्टरांनी फर्मान काढलं, "संध्याकाळी एक सँडविच. एकच!"

"एकच ना? मान्य!" मास्तर इतक्या खुशीत म्हणाले की डॉक्टरांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्या संध्याकाळी काकू देवळातून, म्हणजे शेजारणीकडच्या गप्पांमधून, परत आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. ओट्यावर एक अख्खा लांब पाव आडवा चिरून ठेवला होता. त्यात लोणी, बटाटे, चीज, टोमॅटो असं काय काय गच्च भरलं होतं. नुकत्याच जन्मलेल्या मगरीएवढं ते प्रकरण मास्तर दोन्ही हातांनी दाबत होते.

"अहो, हे काय?"

"सँडविच! एकच आहे, मोजून घे!"

"एवढं मोठं?"

"डॉक्टर आकडा बोलले, लांबी नाही बोलले!"

काकूंनी पदर खोचला, सुरी उचलली आणि मगरीचे मधोमध दोन तुकडे केले. खचाक!

"झाली दोन. एक तुमचं, दुसरं खाली ठेवा."

मास्तर ताडकन उडाले. "कापल्यानं दोन होत नाहीत! दोन अर्धी मिळून एकच! उद्या मी केस कापले तर मी दोन होईन का?"

"तुमच्याकडे केस आहेत कुठे कापायला? आणि बागेतला पाइप कापलात तेव्हा 'आता दोन पाइप झाले' म्हणून गल्लीभर मिरवत होतात, ते?"

मास्तरांनी तरातरा जाऊन फोन उचलला. मग चेहरा लालबुंद करून म्हणाले, "आता डॉक्टरांनाच विचारतो!"

दवाखान्यात फोन रिसेप्शनवरच्या मुलीनं उचलला. डॉक्टर आत पेशंट तपासत होते. मास्तरांना कुठला धीर!

"डॉक्टरांना सांगा, मास्तरांच्या घरून बोलतोय! हिनं सुरी घेतली आणि कापलं! मधोमध! दोन तुकडे झालेत! आता एक धरायचं की दोन, एवढंच विचारा!"

पलीकडून किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

"बघ! ऐकूनच हादरली बिचारी," मास्तर विजयानं म्हणाले. "माझ्या बाजूची दिसते."

दोघांचं भांडण पुन्हा रंगात आलं होतं, तोच सायरन वाजायला लागला. आवाज जवळ आला, आणखी जवळ आला आणि थेट दारात थांबला! दार ढकलून डॉक्टर आत शिरले. केस विस्कटलेले, गळ्यात स्टेथोस्कोप उलटा. मागे स्ट्रेचर घेतलेले दोघं धिप्पाड मदतनीस. त्यांच्यामागे शेजारीण, तिचे सासरे आणि अर्धी गल्ली!

"मास्तर कुठे आहेत? दोन्ही तुकडे हलवू नका!"

"मी इथे आहे!" मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत चाचपलं. "अहो, मग कापलं कोणाला?"

काकूंनी शांतपणे ओट्याकडे बोट दाखवलं.

अर्धी गल्ली माना उंचावून ओट्यावरच्या सँडविचकडे बघायला लागली. डॉक्टर खुर्चीत मटकन बसले. त्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, हे त्यांच्या पोटानंच सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं.

"तरी पण डॉक्टर," मास्तर हट्टानं म्हणाले, "आलाच आहात तर निकाल देऊन जा. एक की दोन?"

डॉक्टर उठले. त्यांनी एक तुकडा उचलला आणि करकचून चावा घेतला. दुसरा मदतनिसांच्या हाती दिला.

"हे माझं, ते त्यांचं. म्हणजे दोन," ते भरल्या तोंडानं म्हणाले. "आणि मास्तर, तुमचं आजपासून सँडविच बंद!"

काकू जिंकल्या होत्या, पण त्यांना हसूही येईना. मास्तर एखाद्या नापास पोरासारखे ओट्यावरचे पावाचे कण बोटानं टिपत होते. गर्दी पांगली, सायरन न वाजवता गाडी निघून गेली. काकूंनी फ्रिजमधून एक सफरचंद काढलं, धुतलं आणि त्या सुरी शोधायला लागल्या.

"कापून देऊ का हो?"

मास्तर घाईघाईनं म्हणाले, "नको, नको! अख्खंच दे!"