न गळणारा डबा

चित्रलेखा काम करायची ते कॅफे लॉकडाऊनमध्ये बंद पडलं, तेव्हा तिने घरबसल्या प्लास्टिकचे डबे विकायचं ठरवलं. कल्पना शेजारच्या नोरीनबाईंची. तरुणपणी त्यांनी डँडेनॉन्ग या इथल्याच उपनगरातल्या बायकांना आपल्या हॉलमध्ये जमवून असेच डबे विकले होते.

"डबा भरायचा आणि सरळ फेकायचा," कुंपणापलीकडून त्यांनी युक्ती सांगितली. "झाकण निघालं नाही, की ऑर्डरी आल्याच. पण खरं सांगू? डबे हे निमित्त. स्वतःचे चार पैसे आणि चार मैत्रिणी, दोन्ही मला तिथेच मिळाले."

गुरुवारी दुपारी झूमवर आठ मराठी बायका जमल्या. त्यात पद्माकाकूही होत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या आणि विमानं बंद झाल्याने इथेच अडकल्या. चित्रलेखाने डब्यात कढी भरली, झाकण दाबलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता.

"विनय, झेल हं!"

"अगं, मीटिंग चालू आहे माझी!"

"म्यूटवर आहेस ना? एकच सेकंद!"

विनयने डबा उत्तम झेलला. झाकण मात्र दुसरीकडेच गेलं. शर्टावर कढी, कीबोर्डवर कढीपत्ता. "आई गं!" तो किंचाळला. तो म्यूटवर नव्हता.

"यू राइट, मेट?" बरा आहेस ना, असं विचारणारा त्याच्या मॅनेजरचा आवाज दोन्ही मीटिंगांत घुमला.

चित्रलेखाला रडू आलं. शेवटच्या पगारातून तिने हे नमुन्याचे डबे घेतले होते. तेवढ्यात झूमवर पद्माकाकूंना हसू फुटलं, आणि बघता बघता आठही चौकोन गदागदा हलू लागले.

"किती महिन्यांनी हसले गं पोरी!" काकू डोळे पुसत म्हणाल्या.

मग कुणी कढीची फोडणी विचारली, कुणी आईच्या आठवणी काढल्या. अंधार पडला तरी कुणी मीटिंग सोडेना.

शेवटी चित्रलेखाच म्हणाली, "डबा गळतो, पाहिलंतच तुम्ही. सॉरी हं सगळ्यांना."

"माझे दोन लिही," पद्माकाकू म्हणाल्या.

"काकू, गळका डबा घेऊन काय करणार?"

"साखर भरीन, ती कुठे गळते? पुढच्या गुरुवारी परत बोलावशील ना? मग तुझ्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं?"

त्यासरशी बाकीच्या सातजणींनाही साखर ठेवायला घरात एकही डबा नसल्याचं आठवलं.