दर शून्य, फक्त नाव छापावे

ज्या कामातून माणसाला आनंद मिळतो त्या कामाचे पैसेही मागणे म्हणजे एकाच पंगतीत दोनदा जेवायला बसण्यासारखे आहे, आणि कोणत्याही सुधारलेल्या समाजाला हे परवडणारे नाही. फोटो काढताना आनंद होतो, हे सर्वमान्य आहे. तेव्हा फोटोचे पैसे मागणारा मनुष्य एकतर हावरट असला पाहिजे, नाहीतर त्याला कामात आनंद तरी मिळत नसला पाहिजे. आणि ज्याला आनंदच मिळत नाही, त्याच्याकडून फोटो घ्यायचेच कशाला? हा विचार इतका बिनतोड आहे की तो सुचायला रुग्णालयाच्या खरेदी समितीला एकोणीस वर्षे का लागली, याचेच नवल वाटते.

ही एकोणीस वर्षे रुग्णालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे बारा फोटो समोरच्या फुटपाथवरचे स्टुडिओवाले काढून देत असत. त्या एका कामातून दुकानाचे वर्षाचे भाडे सुटे. घर चाले ते पासपोर्टच्या फोटोंवर आणि शाळेच्या वर्गांवर (पहिल्या रांगेतल्या मुलाचे डोळे मिटलेले, याबद्दल दरवर्षी तेरा पालकांची तक्रार). कॅलेंडर गेले की दुकान गेले, हे स्टुडिओवाल्यांना आणि त्यांच्या बायकोला तोंडपाठ होते.

स्टुडिओवाले जुन्या वळणाचे. प्रसूती विभागाबाहेरच्या बाकावर सकाळी सव्वासातला खिडकीतून उन्हाची एक पट्टी पडते आणि त्या बाकावर बहुधा कोणीतरी नवाकोरा बाप बसलेला असतो, हे त्यांनी हेरून ठेवले होते. ऊन आणि बाप एकाच वेळी मिळावेत म्हणून ते गेल्या वर्षी अकरा सकाळी तिथे जाऊन बसले. पहिल्या दहा दिवसांत ऊन आले तेव्हा बाप चहाला गेलेला होता. अकराव्या दिवशी जो मिळाला त्याच्या मांडीवर रिकामी दुपटी होती आणि तोंडावर असे काही होते की फोटो काढून झाल्यावर स्टुडिओवाल्यांनाच भरून आले. तो फोटो मार्चच्या पानावर छापला. नर्सेसना तो इतका आवडला की एप्रिल उजाडला तरी कोणी पान उलटेना. परिणामी एप्रिलमधल्या चोवीस रुग्णांना मार्चच्या तारखा मिळाल्या, आणि समितीने त्या फोटोची घेतलेली नोंद ती एवढीच.

रुग्णालयाच्या दंतविभागातल्या डॉक्टरांना त्याच वर्षी फोटोग्राफीची हौस लागली. ते रोज दुपारी स्टुडिओत येत. कोणती लेन्स घ्यावी, उजेड कुठून घ्यावा, पिशवी कुठल्या खांद्याला लावावी, सारे विचारून घेत. स्टुडिओवाले स्टूल पुढे सरकवून, गिऱ्हाईक थांबवून सांगत. शहाण्या माणसाने हौशी माणसाला मदत करावी, असे त्यांना वाटे. (ते शहाणे होते असे म्हणणे आता कठीण आहे.)

"पण आजकाल तसं काही अवघड राहिलेलं नाही हो," डॉक्टर जाता जाता म्हणत. "सगळं कॅमेराच करतो. तुम्ही एका फोटोचे किती घेता?"

स्टुडिओवाल्यांनी आकडा सांगितला. खोटे बोलायची सवय नव्हती.

त्या वर्षी समितीने प्रथमच दर मागवले. आलेले दर पुढीलप्रमाणे होते:

स्टुडिओवाले: नेहमीचा दर.
दातांचे डॉक्टर: शून्य. फोटोखाली नाव छापावे.
एक निवृत्त अभियंता: उणे पाचशे. म्हणजे पाचशे तेच देतील. नाव ठळक अक्षरात.
रुग्णालयाच्या अध्यक्षांच्या वहिनी: उणे दोन हजार. नावाबरोबर वहिनींचाही फोटो.
दातांचे डॉक्टर (सुधारित दर): उणे दोन हजार एक, शिवाय समितीच्या सर्व सदस्यांचे दात वर्षभर मोफत साफ.

समितीचे सर्वेसर्वा म्हणजे रुग्णालयाचे हिशेबनीस. फोटोंची पाकिटे टेबलावर होती, पण ती उघडण्यात आली नाहीत, कारण समितीच्या तक्त्यात 'दर' असा रकाना होता आणि 'फोटो' असा नव्हता. "दर्जा हा ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न आहे," हिशेबनीस म्हणाले. "आकडा सगळ्यांना सारखाच दिसतो." 'छायाचित्रण' ही बाब त्या वर्षी खर्चातून उचलून उत्पन्नाच्या बाजूला नेण्यात आली आणि समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत केला.

कॅलेंडरमध्ये बारा सूर्यास्त होते. बाराही डॉक्टरांच्या गच्चीवरून काढलेले. ऑगस्टमध्ये विविधता म्हणून शेजारच्यांची पाण्याची टाकी होती. नऊ फोटोंत क्षितिज सरासरी अकरा अंशांनी कललेले होते, त्यामुळे प्रतीक्षालयातले रुग्ण मान वाकडी करून बसत आणि तसेच हाडांच्या विभागात पाठवले जात.

छापखान्यातून पहिली प्रत आली तेव्हा रुग्णालयातून स्टुडिओवाल्यांना निरोप आला होता, की जरा येऊन फोटो सरळ करून द्या, पाच मिनिटांचे काम आहे.

"पाच मिनिटांचं म्हणाले ना, म्हणजे दुपार गेली," बायको म्हणाली. "आणि पैसे?"

"पाच मिनिटांचे कसे मागायचे?"

"मग जाऊ नका."

ते गेले. वाकडे क्षितिज त्यांना बघवत नसे. पण नऊपैकी एकही फोटो सरळ होऊनही चांगला होईना, आणि सरळ केल्यावर डॉक्टरांनी कळवले की तो कल मुद्दाम ठेवलेला होता. कॅलेंडर मग तसेच छापले गेले.

दुकानाच्या मालकाने महिनाअखेरची मुदत दिली. त्या दिवशी स्टुडिओवाले मागचा पडदा काढून घडी घालत होते. एकोणीस वर्षे त्या निळ्या पडद्यापुढे अख्खे गाव बसून गेले होते आणि आता त्याची घडी त्यांना नीट जमत नव्हती. बायकोने दुसरे टोक धरले. तिचे डोळे भरले होते, आणि डोळे भरले की ती हमखास तिरकस बोलत असे.

"त्या डॉक्टरला जाऊन सांगा, मलाही हौस आहे म्हणावं. दात उपटायची."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात रुग्णालयाने दंतविभाग चालवण्यासाठी दर मागवले होते. कॅलेंडरचा प्रयोग यशस्वी झाल्यामुळे समितीला हुरूप आला होता. स्टुडिओवाल्यांनी रागाच्या भरात अर्ज भरला. दर: शून्य. अपेक्षा: काढलेल्या दाताच्या डबीवर नाव. अनुभव: हौस. अनामत रक्कम म्हणून त्यांनी भाड्यासाठी जमवलेले होते नव्हते ते भरले, कारण त्याशिवाय अर्ज घेत नव्हते आणि चेष्टा करायची तर ती अर्धवट करू नये.

अर्ज मंजूर झाला.

डॉक्टर तावातावाने दुकानात आले. "अहो, सहा वर्षं शिकलोय मी! माणसाच्या तोंडात हात घालायचा म्हणजे काय खेळ वाटला तुम्हाला?"

"तसं आता अवघड राहिलेलं नाही हो," स्टुडिओवाले म्हणाले. "सगळं यंत्रच करतं. तुम्ही एका दाताचे किती घेता?"

डॉक्टर गेल्यावर मात्र स्टुडिओवाले धावत हिशेबनिसांकडे गेले आणि ही चेष्टा होती, असे कबूल केले.

"तक्त्यात चेष्टेचा रकाना नाही," हिशेबनीस म्हणाले. "माघार घेतलीत तर अनामत जप्त. सोमवारी नऊला हजर व्हा."

सोमवारी दंतविभागात पहिले रुग्ण म्हणून गाल सुजवून हिशेबनीसच आले. रात्रभर झोप नव्हती. खुर्चीत बसल्यावर वर बघतात तो स्टुडिओवाले. हिशेबनिसांनी उठायचा प्रयत्न केला.

"तुम्हाला... येतं ना हे?"

"दर्जा हा ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न आहे," स्टुडिओवाले म्हणाले. एकोणीस वर्षांच्या सवयीने तोंडातून शब्द आपोआप आले. "हनुवटी थोडी वर. डावीकडे बघा. आता हलायचं नाही. छान!"

दात निघाला. तो दुखणारा नव्हता, पण फुकट कामात इतकी चिकित्सा करणे समितीच्या धोरणात बसत नाही. डबीवर नाव सुबक अक्षरात घातले आहे. दंतविभाग आता बिनखर्चाचा झाला असून पुढच्या वर्षी भूलतज्ज्ञांसाठी दर मागवायचे आहेत. दातांच्या डॉक्टरांनी स्टुडिओवाल्यांचे रिकामे दुकान भाड्याने घेतले आहे. पासपोर्टच्या फोटोचे ते आता पैसे घेतात, आणि कोणी घासाघीस केली की त्यांना फार राग येतो.

जाता जाता एक खुलासा. या जागी पूर्वी एक धंदेवाईक विनोदी लेखक लिहीत असत. ते मानधन मागत. प्रस्तुत लेखक पाणीपट्टीच्या कार्यालयात नोकरीला असून त्याने ही कथा जेवणाच्या सुट्टीत, केवळ नाव छापण्याच्या बोलीवर लिहून दिली आहे. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात आणि त्या जुन्या लेखकाची तुम्हाला एकदाही आठवण झाली नाही, याबद्दल आभार.

बाय द वे, तुम्ही काय काम करता? सहज विचारले. रविवारी मला वेळ असतो.